‘ओळखलंस का?’ विचारण्याआधी

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात १९९५ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेलं भाषण)



संयोजन समितीचा मला फोन आला तेव्हा विषय आधीच ठरलेला होता. “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल.” गेली बावीस वर्षं मी याच क्षेत्रात आहे, त्यामुळे अर्धा तास बोलणं अवघड नव्हतं. तरीही मी विषय बदलून मागितला आणि समितीनं तो आनंदानं दिला, याबद्दल त्यांचे आभार. यंत्राच्या स्मृतीबद्दल तुम्हाला यूट्यूबवर हवं तेवढं ऐकायला मिळेल. मला माणसाच्या स्मृतीबद्दल बोलायचं आहे. डोक्याला जबर मार लागला की तिचं काय होतं, आणि तिच्यातलं किती शिल्लक आहे हे तपासतात कसं, एवढाच माझा विषय.

मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेली बाई हे सगळं का शिकली, तर माझ्या धाकट्या भावामुळे. तो याच शाळेत, आपल्यामागे तीन वर्षं होता. खो-खोच्या संघात होता, म्हणून काही जणांना आठवत असेल. व्यासपीठावरून मी त्याचं नाव घेत नाही. पण तो आज इथे आला आहे, आणि मी काय बोलणार हे त्यानं काल रात्री वाचलं आहे. त्यानं त्यातली दोन वाक्यं खोडली, बाकीचं राहू दे म्हणाला.

२०१९ च्या पावसाळ्यात, रात्री नऊच्या सुमाराला, कामावरून घरी येताना त्याची मोटारसायकल रस्त्यावरच्या खडीवरून घसरली. दुसरं कुठलंही वाहन मध्ये नव्हतं. हेल्मेट होतं, पण ते आरशाला अडकवलेलं होतं. त्याला जवळच्या शहरातल्या रुग्णालयात नेलं तेव्हा तो हाक मारल्यावर डोळे उघडत होता, पण असंबद्ध बोलत होता. केसपेपरवर लिहिलं होतं, ‘जीसीएस १०’.

हा आकडा म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोतल्या ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन मेंदूशल्यविशारदांनी १९७४ साली ही मोजपट्टी मांडली आणि आज ती जगभर वापरतात. डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हातापायांच्या हालचालीला ६. सगळं नीट असेल तर १५. काहीच प्रतिसाद नसेल तरी ३, शून्य नाही. १३ ते १५ म्हणजे इजा सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. म्हणजे माझा भाऊ ‘मध्यम’ होता. सीटी स्कॅनमध्ये डाव्या कानशिलाच्या आत थोडा रक्तस्राव दिसला. ऑपरेशनची गरज नव्हती. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला.

पाचव्या दिवशी तो व्यवस्थित बोलायला लागला. आईला ओळखलं, बायकोला ओळखलं, चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार केली. बघायला येणारे नातेवाईक बाहेर येऊन सांगू लागले, “शुद्धीवर आला, आता काळजी नाही.” आणि त्याच दिवशी दुपारी त्यानं मला सांगितलं, की सकाळी तो कारखान्यात जाऊन आला, साहेबांबरोबर कॅन्टीनमध्ये जेवला आणि मग इथे आला. तो खोटं बोलत नव्हता. आठवणीत पडलेलं भगदाड मेंदू मिळेल त्या तुकड्यांनी बुजवत होता. त्याला इंग्रजीत कॉन्फॅब्युलेशन म्हणतात, हे मला नंतर कळलं.

रुग्णालयात एक मानसतज्ज्ञ बाई होत्या. त्यांनी आम्हाला समजावलं, की डोळे उघडून बोलणं ही एक गोष्ट आणि रोजच्या आठवणी पुन्हा साठायला लागणं ही दुसरी. या दोहोंच्या मधल्या काळाला पोस्ट-ट्रॉमॅटिक ॲम्नेशिया म्हणतात. या काळात माणूस बोलतो, चालतो, विनोदसुद्धा करतो, पण सकाळी काय घडलं ते दुपारी त्याच्याकडे नसतं. हा काळ किती दिवस टिकतो यावरून इजेची खोली कळते. ब्रिटिश मेंदूतज्ज्ञ रिची रसेल यांनी १९३० च्या दशकापासून याच गोष्टीवर भर दिला होता. त्यांच्या पद्धतीत तासाभराच्या आत संपला तर सौम्य, एक दिवसापर्यंत मध्यम, आठवड्यापर्यंत गंभीर, त्यापुढे अतिगंभीर. माझ्या भावाचा हा काळ अठरा दिवस चालला. म्हणजे दाराशी घेतलेल्या मापानं जो ‘मध्यम’ होता, तो या मापानं थेट शेवटच्या खान्यात गेला.

हा काळ संपला हे ठरवतात कसं? त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन इथे १९७९ साली तयार झालेली एक आहे. तिच्यात १०० पैकी ७५ च्या वर गुण सलग टिकले तर हा काळ संपला असं धरतात. ऑस्ट्रेलियातल्या वेस्टमीडची दुसरी आहे, तिच्यात रोज बारा प्रश्न असतात. वय किती, जन्मतारीख कोणती, आज वार कोणता, महिना, साल, दिवसाची वेळ कोणती, आपण कुठे आहोत, हे सात. आणि काल दाखवलेला चेहरा, त्या व्यक्तीचं नाव आणि तीन चित्रं आठवतात का, हे पाच. सलग तीन दिवस बारापैकी बारा आले तर त्यातला पहिला दिवस हा आठवणी परत सुरू झाल्याचा दिवस मानतात. यात नेमकेपणा कुठे आहे तो बघा. जन्मतारीख जुनी आठवण आहे, ती लवकर परत येते. कालचं चित्र ही नवी आठवण आहे. भाऊ पहिल्या सात प्रश्नांना दहाव्या दिवसापासून उत्तरं देत होता. अडत होती ती चित्रं.

आता हे होतं का, ते थोडक्यात सांगते. मेंदू सुमारे १४०० ग्रॅमचा, मऊ आणि द्रवात तरंगणारा अवयव आहे. डोकं रस्त्यावर आपटतं तेव्हा कवटी थांबते, मेंदू आत पुढे जातो. कवटीचा तळ पुढच्या आणि मधल्या भागात आतून खडबडीत आहे, हाडांच्या कडा आहेत. त्यामुळे कपाळामागचा फ्रंटल लोब आणि कानशिलाच्या आतला टेम्पोरल लोब यांना सगळ्यात जास्त खरचटतं. टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नव्या घटना लक्षात ठेवण्याचं काम त्याच्यावाचून होत नाही. शिवाय डोकं गिरकी घेतं तेव्हा मेंदूच्या निरनिराळ्या भागांना जोडणारे लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. सीटी स्कॅनमध्ये रक्त दिसतं, फ्रॅक्चर दिसतं, हे तंतू बहुधा दिसत नाहीत. म्हणून ‘स्कॅन नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘स्मरणशक्ती नॉर्मल आहे’ असा होत नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणते आहे, कारण हे माहीत नसल्यामुळे अनेक घरांत भांडणं होतात. “रिपोर्ट चांगला आहे, मग हा असा का वागतो? मुद्दाम करतो.”

माझ्या कामामुळे मला सगळे एकच विचारायचे, “म्हणजे हार्ड डिस्क उडाली का?” यंत्राशी तुलना थोडीच चालते, ती कुठपर्यंत चालते हेही सांगते. आठवणीचे तीन टप्पे धरतात: नोंद होणं, टिकणं आणि हवी तेव्हा सापडणं. इथपर्यंत संगणकाशी साम्य आहे. पण संगणकातली फाइल उघडली की ती होती तशीच येते. माणूस आठवतो तेव्हा दर वेळी तुकडे जुळवून नव्याने बांधतो. आणि संगणकात जसा एकच साठा, तसं माणसाचं नाही. स्मृती अनेक प्रकारच्या आहेत आणि एक जाऊन दुसरी शाबूत राहू शकते.

याची दोन प्रसिद्ध उदाहरणं आहेत. पहिलं हेन्री मोलेसन यांचं. त्यांचं प्रकरण अपघाताचं नव्हे, शस्त्रक्रियेचं होतं. अपस्मार थांबवण्यासाठी १९५३ साली अमेरिकेत त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला. त्यानंतर नव्या घटना लक्षात राहणं जवळपास बंद झालं. ब्रेंडा मिलनर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. हे अवघड असतं, करून बघा. तीन दिवसांत मोलेसन यांचा हात चांगला बसला. पण आपण हे आधी कधी केलं आहे, हे त्यांना दर दिवशी अमान्य होतं. हात शिकला होता, घटना लक्षात नव्हती. २००८ साली त्यांचं निधन झालं. तोपर्यंत संशोधनात त्यांची ओळख फक्त एच. एम. एवढीच होती.

दुसरं उदाहरण आमच्या घरच्या प्रसंगाच्या जवळचं आहे. कॅनडातला एक तरुण, संशोधनात के. सी. म्हणून ओळखला जाणारा. १९८१ साली, तिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला मार बसला. टोरांटोचे एंडेल टुल्विंग आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे अनेक वर्षं त्याचा अभ्यास केला. टुल्विंग यांनी १९७२ सालीच मांडलं होतं, की माहितीची आठवण वेगळी आणि स्वतःवर बेतलेल्या प्रसंगाची आठवण वेगळी. के. सी.ला बुद्धिबळ येत होतं, पण कधी कुणाशी खेळलेला एकही डाव आठवत नव्हता. आपल्या आयुष्याबद्दलच्या गोष्टी त्याला माहीत होत्या, दुसऱ्या कुणाच्या आयुष्याबद्दल माहीत असाव्यात तशा. आणि उद्या काय करशील असं विचारलं तर त्याला तितकंच कोरं वाटायचं. मागचे प्रसंग आणि पुढचे बेत एकाच यंत्रणेवर चालतात, हे त्याच्यामुळे ठळकपणे कळलं.

माझ्या भावाची अवस्था इतकी टोकाची नाही. पण ठेवण तीच. तो एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा. अपघातानंतर दोन महिन्यांनी साहेब घरी आले तेव्हा त्यानं त्यांना कुठल्या मापाचा बेअरिंग कुठल्या रॅकच्या कितव्या कप्प्यात आहे ते घडाघडा सांगितलं. साहेब खूश होऊन गेले. संध्याकाळी त्यानं आईला विचारलं, “कारखान्यातून कुणी येऊन गेलं का गं?”

म्हणून तिसऱ्या महिन्यात त्याची रीतसर चाचणी झाली. ती कशी असते हे बघण्यासारखं आहे, विशेषतः इथल्या शिक्षकांसाठी.

पहिली गोष्ट आकड्यांची. तज्ज्ञ एकेक आकडा सांगतात, तो तसाच परत म्हणायचा. भावाला सहा आकडे आले, म्हणजे तुमच्या-माझ्याइतकेच. फोन नंबर सांगितला की तो लगेच म्हणून दाखवतो. नातेवाईक याच्यावरच म्हणायचे, “डोकं तर तल्लख आहे.” पण ही काही सेकंदांची पकड आहे. तेच आकडे उलट म्हणायला सांगितले की डोक्यात धरून त्यांच्यावर काम करावं लागतं. तिथे तो तीनवर अडकला.

दुसरी गोष्ट शब्दांची. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांच्या नावानं ही चाचणी ओळखली जाते. रोजच्या वापरातले पंधरा शब्द वाचून दाखवतात, आठवतील तेवढे सांगायचे. तीच यादी पुन्हा, असं पाच वेळा. निरोगी माणसाचे शब्द दर फेरीला वाढत जातात. मग मध्ये दुसरीच पंधरा शब्दांची यादी घालतात आणि लगेच पहिली विचारतात. त्यानंतर वीस-तीस मिनिटं इतर कामं देऊन पुन्हा पहिली विचारतात. शेवटी एक मोठी यादी देऊन, यातले कुठले शब्द त्यात होते ते ओळखायला सांगतात. भावाचे पहिल्या फेरीत चार आणि पाचव्या फेरीत सात शब्द आले. अर्ध्या तासानं एक. पण ओळखायला सांगितल्यावर पंधरापैकी अकरा बरोबर आले.

या शेवटच्या आकड्यावर आमचं पुढचं सगळं उभं राहिलं. काहीच साठलं नसतं तर ओळखताही आलं नसतं. म्हणजे काही गोष्टी आत जात होत्या, बोलावल्यावर बाहेर येत नव्हत्या. खूण दिली तर येत होत्या. ‘स्मरणशक्ती कमी झाली’ या एका वाक्यातून हे कधीच कळलं नसतं. आणि ते कळल्यामुळे काय करायचं तेही कळलं: जागोजागी खुणा ठेवायच्या.

गोष्ट ऐकून सांगणं, अवघड आकृती बघून काढणं आणि नंतर मनानं पुन्हा काढणं, जोड्या लक्षात ठेवणं, असे इतर भागही होते. आपल्या देशात यावर चांगलं काम झालं आहे. चंदीगडच्या पीजीआय संस्थेत १९७७ साली द्वारका पेर्शद आणि एन. एन. विग यांनी दहा भागांची स्मरण-चाचणी तयार केली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २००४ साली चाचण्यांचा मोठा संच काढला आणि त्यात वय, स्त्री-पुरुष आणि शिक्षण यांनुसार वेगवेगळी प्रमाणं दिली. हे फार महत्त्वाचं आहे. चौथी शिकलेल्या साठीच्या शेतकऱ्याचे गुण परदेशातल्या पदवीधरांच्या प्रमाणाशी ताडून बघितले तर निरोगी माणूसही आजारी ठरेल. भाषेचंही तेच. यादी माणसाच्या स्वतःच्या भाषेत हवी आणि शब्द त्याच्या कानावरचे हवेत. भावाची चाचणी मराठीत झाली, त्यासाठी आम्ही तीन आठवडे थांबलो.

तज्ज्ञ बाईंनी आणखी काही गोष्टी आधीच पाहिल्या. झोप झाली आहे का, डोकं दुखतंय का, फिटच्या गोळ्यांनी सुस्ती आहे का, मन खचलं आहे का. यातल्या कशानंही गुण खाली जातात. चाचणी दोन दिवसांत विभागून घेतली, कारण तासाभरात तो थकायचा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी घेतली तेव्हा शब्दांची यादी बदलली. तीच ठेवली असती तर सरावामुळे आलेले गुण सुधारणा म्हणून मोजले गेले असते. नुकसानभरपाईच्या दाव्यांत काही लोक मुद्दाम वाईट करतात, तेही पकडण्याची सोपी युक्ती आहे. दोन चित्रांतलं आधी कुठलं दाखवलं होतं असं विचारायचं. काहीच न आठवणारा माणूसही अंदाजानं निम्मी उत्तरं बरोबर देतो. निम्म्याहून खूपच कमी यायला बरोबर उत्तर ठाऊक असावं लागतं.

एवढं करूनही शांत खोलीतले गुण आणि घरातलं आयुष्य यांत अंतर उरतं. खोलीत एका वेळी एकच काम असतं. घरात कुकरची शिट्टी, टीव्ही, मुलाचा अभ्यास आणि दारावर दूधवाला. म्हणून इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन यांनी १९८५ साली रिव्हरमीड नावाची चाचणी काढली. तिच्यात रोजच्या व्यवहारातलीच कामं आहेत. तुमची एखादी वस्तू लपवून ठेवतात, शेवटी तुम्ही ती आठवणीनं परत मागायची. घड्याळाची घंटा वाजली की ठरलेला प्रश्न विचारायचा. खोलीतून ठरलेल्या वाटेनं जायचं आणि एक निरोप ठेवायचा. यातून पुढे करायच्या गोष्टींची आठवण तपासली जाते, आणि घरच्यांना सगळ्यात जास्त त्रास तिच्या अभावाचा होतो. गोळी घ्यायची, गॅस बंद करायचा, मुलाला शाळेतून आणायचं.

घरच्यांकडूनही प्रश्नावली भरून घेतात, कारण माणसाला आपण काय विसरतो हे लक्षात राहत नाही. भावानं स्वतःच्या प्रश्नावलीत लिहिलं, ‘फारसा त्रास नाही.’ माझ्या भावजयीनं त्याच प्रश्नांना दिलेली उत्तरं मी वाचली आहेत, ती इथे सांगणार नाही. एवढंच सांगते, की ओळखीच्या एका माणसानं त्या काळात एकच उसनवारी त्याच्याकडून दोनदा वसूल केली. भावाला पहिल्यांदा पैसे दिल्याचं आठवत नव्हतं, आणि समोरच्याला ते माहीत होतं.

कारखान्याला एकच उत्तर हवं होतं, स्मरणशक्ती परत आली की नाही, हो किंवा नाही. अहवालात तसं उत्तर नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की जुनं ज्ञान शाबूत आहे, नवी माहिती शिकण्याचा वेग कमी आहे, लेखी खुणांनी काम सुधारतं, एका वेळी एकच काम द्यावं, सहा महिन्यांनी फेरतपासणी करावी. त्यावर साहेबांनी विचार केला आणि त्याला माल उतरवून घेण्याच्या कामावरून हत्यारं देण्या-घेण्याच्या खिडकीवर ठेवलं. तिथे प्रत्येक हत्याराची जागा भिंतीवर रंगवलेली असते आणि सही घेतल्याशिवाय काही बाहेर जात नाही. पगार कमी झाला. ओव्हरटाइम गेला. त्याच्या हाताखालचा मुलगा आता त्याच्या जुन्या जागेवर आहे. हे त्याला रोज दिसतं आणि हे मात्र तो विसरत नाही. पण नोकरी टिकली, आणि ती टिकली त्या चार पानांच्या अहवालामुळे.

पुढची पायरी शिकवण्याची. सर, बाई, आपल्या वेळी पद्धत अशी होती, की आधी उत्तर द्या, चुकलं तर छडी, मग बरोबर उत्तर. चूक लक्षात राहते म्हणून आपण सुधारतो. पण ज्याला चूक झाल्याचा प्रसंगच आठवत नाही, त्याच्या डोक्यात चुकीचं उत्तर तेवढं रुतून बसतं. पुढच्या वेळी तेच आधी तोंडावर येतं. म्हणून अशा माणसाला अंदाज करायला लावत नाहीत. आधीच बरोबर उत्तर द्यायचं, त्याच्याकडून ते म्हणवून घ्यायचं आणि आधार हळूहळू काढायचा. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली हे प्रयोगानं दाखवलं. आमच्या घरी “सांग बरं, आज कोण आलं होतं?” असे प्रश्न तेव्हापासून बंद झाले. “आज मावशी आली होती, तिनं चकल्या आणल्या,” असं सरळ सांगतात.

दुसरा आधार साधनांचा. याची गोष्ट मला इंजिनिअर म्हणून विशेष आवडते. अमेरिकेत मेंदूला मार लागलेल्या एका मुलाच्या इंजिनिअर वडिलांनी एका न्यूरोसायकॉलॉजिस्टबरोबर मिळून साधा पेजर वापरून आठवण देण्याची सोय तयार केली. ठरलेल्या वेळी कमरेचा पेजर वाजायचा आणि त्यावर काय करायचं ते यायचं. इंग्लंडमध्ये त्याचा १४३ जणांवर अभ्यास झाला, तो २००१ साली प्रसिद्ध झाला आणि बहुतेकांची रोजची कामं पेजरमुळे जास्त वेळेवर होऊ लागल्याचं दिसलं. आज ते काम खिशातला फोन करतो. भावाच्या फोनवर दिवसाला नऊ गजर आहेत. पण सगळ्यात मोठं काम करते ती वही. एकच वही. दोन असल्या की दुसरी शोधण्यात दिवस जातो. पैसे दिले-घेतले की समोरच्याची सही त्या वहीत. ती उसनवारी तिसऱ्यांदा कुणी मागितली नाही.

त्यात सुधारणा झाली. सुरुवातीच्या महिन्यांत वेगानं, मग हळू. दुसऱ्या वर्षाच्या चाचणीत अर्ध्या तासानंतरचे शब्द एकावरून पाचवर गेले. वयाच्या मानानं ते अजून कमीच आहेत. अपघाताचा दिवस आणि त्याआधीचा साधारण आठवडा परत आलेला नाही, तो येणारही नाही, कारण त्याची नीट नोंदच झालेली नाही. संसार, मुलगा, ही शाळा, खो-खोचं मैदान हे सगळं आहे. जुन्या आठवणी नव्यांपेक्षा चिवट असतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्यूल रिबो यांनी १८८१ सालीच लिहून ठेवलं आहे.

आता आजच्या दिवसापुरती एक विनंती. स्नेहमेळाव्यात आपण सगळे एकमेकांना अडवून विचारतो, “ओळखलंस का?” सकाळपासून मलाही वीसेक जणांनी विचारलं, त्यातल्या तिघांना मी ओळखलं नाही, आणि माझं डोकं ठीक आहे. मजेचा खेळ आहे, खेळूया. पण माझ्या भावापाशी आलात तर आधी आपलं नाव सांगा, कुठल्या तुकडीत होतात ते सांगा, जमलं तर एखादी खूण द्या. उरलेलं तो स्वतः सांगेल, आणि तुम्हाला आठवत नसलेल्या दोन गोष्टीही सांगेल. दुपारी भेटल्यावर त्यानं पुन्हा नाव विचारलं तर पुन्हा सांगा. घोळक्यानं येऊ नका, एकेक जण या. स्मरणिकेतल्या वर्गाच्या फोटोंखाली प्रत्येकाचं नाव छापायचं समितीनं मान्य केलं आहे. ते फक्त त्याच्याच नव्हे, आपल्या सगळ्यांच्या सोयीचं आहे.

आणि दोन गोष्टी घरी घेऊन जाण्यासाठी. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यांत सगळ्यात मोठा वाटा दुचाकीवरच्यांचा. वाचलेल्यांपैकी किती जणांच्या घरी अशी वही आहे ते या आकड्यात नसतं. हेल्मेट डोक्यावर घाला, पट्टा लावा, मागे बसणाऱ्यालाही घाला. कायदाही दोघांनाही सांगतो.

दुसरी गोष्ट. तुमच्या घरात, शेजारी, कामावर कुणाच्या डोक्याला मार लागला असेल आणि ‘बरा झाला पण पूर्वीसारखा राहिला नाही’ असं वाटत असेल, तर त्याला आळशी किंवा विसराळू ठरवण्याआधी त्याची स्मरण-चाचणी करून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार किंवा मेंदूविकार विभागात चौकशी करा. त्याच्या भाषेत घ्यायला सांगा, अहवालात काय जमतं हेही लिहून मागा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा जा. कुणाला माझ्याशी बोलायचं असेल तर माझा नंबर आपल्या ग्रुपवर आहे. रात्री नऊनंतर फोन करा, तेव्हा मी ऑफिसच्या कामातून मोकळी असते.